आंघोळीचं पाणी, छातीचा आजार

आमच्या घरात पिण्याच्या पाण्याचे फार लाड. फिल्टरचं पाणीसुद्धा पावसाळ्यात उकळायचं, प्रवासात बाटली घरची. तरी मला पाण्यातूनच आजार झाला. ते पाणी पोटात न जाता छातीत गेलं, एवढंच.

लेकीकडचा लांबलेला मुक्काम आटोपून ऐन पावसाळ्यात आम्ही पुण्याला परतलो आणि बरेच महिने बंद असलेला फ्लॅट उघडला. आठवडाभरात मला सणसणून ताप भरला. कोरडा खोकला होता, पण त्याहून जास्त जुलाब. त्यामुळे बाहेरचं खाणं बाधलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मग मी असंबद्ध बोलू लागलो. वॉर्डबॉयला मी माझ्या धाकट्या भावाच्या नावाने हाका मारत होतो म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. एक्स-रेत न्यूमोनिया दिसला, रक्तातलं सोडियम घसरलेलं होतं आणि न्यूमोनियाच्या नेहमीच्या अँटिबायोटिकने ताप हलत नव्हता.

एका तरुण डॉक्टरबाईंनी बायकोला वेगळंच विचारलं. घर बंद होतं का? शॉवर घेतात का? गरम पाणी कुठून येतं? मग लघवीची तपासणी झाली आणि नाव कळलं: लीजनेला.

हा जंतू १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनामुळे जगाला माहीत झाला. दोनशेहून जास्त लोक आजारी पडले, ३४ दगावले. जोसेफ मॅकडेड यांना जंतू सापडला तो पुढच्या जानेवारीत. तो नद्या-तळ्यांत असतोच, थोड्या संख्येने. पण नळाच्या पाइपात आतून जो बुळबुळीत थर धरतो, तिथे कोमट पाणी साचून राहिलं की त्याचं फावतं. साधारण २५ ते ४५ अंश त्याला मानवतात, ६० च्या वर तो मरतो. शॉवर, कारंजं, मोठ्या इमारतींच्या एसीचे कूलिंग टॉवर यांच्या बारीक तुषारांतून तो श्वासात शिरतो. एकाचा दुसऱ्याला सहसा लागत नाही. फुप्फुसात तो आपल्याच पेशींच्या आत जाऊन राहतो. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तिथे निकामी ठरतात. अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं. मला दुसरं दिलं, आणि ताप उतरला. थकवा मात्र दिवाळीपर्यंत रेंगाळला.

जंतू नेमका आमच्याच पाइपातून आला, हे सिद्ध झालेलं नाही. पण आमच्या गच्चीवर सोलर आहे, आणि पावसाळ्यात त्याचं पाणी कसं असतं हे सोलरवाल्यांना सांगायला नको: धड गरम नाही, धड गार नाही. आता ढगाळ दिवसांत आम्ही टाकीतली विजेची कॉइल चालू ठेवतो. बिल वाचवायला गिझर ४५ वर ठेवणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे, साठवणीचा गिझर ६० वर ठेवा. मात्र ते पाणी भाजतं, तेव्हा लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तिथे बादलीत आधी गार पाणी घ्या. तांब्याने आंघोळ केली तर तुषारही कमी उडतात. मी आता शॉवरच्या वाटेला जात नाही.

घर बंद राहिलं असेल तर आल्या आल्या शॉवरखाली उभं राहू नका. खिडकी उघडा, शॉवरचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवून आधी गार, मग कडक गरम पाणी भरपूर वाहू द्या. त्या जाळीवरचे क्षार अधूनमधून काढा, कारण जंतूला तिथेही आसरा मिळतो. नेब्युलायझरमध्ये नळाचं पाणी घालणारी शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. ते तर जंतूला छातीत आमंत्रण.

पन्नाशी उलटलेले, सिगारेट ओढणारे, मधुमेही, दम्याचे किंवा स्टिरॉइड घेणारे यांना धोका जास्त. ताप आणि खोकल्याबरोबर जुलाब किंवा भ्रम दिसला, तर गेल्या दोन आठवड्यांत कुठल्या हॉटेलात उतरलात, कुठलं बंद घर उघडलंत, हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. आणि लघवीची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून विषय संपवू नका. ती या जंतूचा एकच मुख्य प्रकार पकडते. बाकीच्यांसाठी थुंकी तपासावी लागते.