साथीदारांची दाद

ज्यास वाद्यवृंदात बसून वाजवायचे आहे, त्याने श्रोत्यांच्या टाळ्यांचा अर्थ लावण्यात फारसा काळ दवडू नये. टाळी हे सरळ प्रकरण आहे, ती पडते किंवा पडत नाही. खरे बिकट प्रकरण असते ते कार्यक्रम आटोपल्यावर, वायरी गुंडाळल्या जात असताना, शेजारच्या वादकाने जाता जाता काढलेल्या दोन गोड शब्दांचे. मैंदर्गीसारख्या सरहद्दीवरच्या गावी, जिथे घरात कानडी, कचेरीत मराठी आणि भजनात दोन्ही भाषा सारख्याच सुखाने नांदतात, तिथे पेटीवर माझा हात बसला. पुढे सोलापूरच्या एका ऑर्केस्ट्रात दाखल होऊन गणेशोत्सवाच्या आणि जत्रांच्या सुपाऱ्या वाजवीत असता अशा शब्दांचा जो संग्रह मजपाशी जमला, त्यातील काही जिन्नस नव्या मंडळींच्या उपयोगी पडावेत म्हणून येथे मांडीत आहे.

“आज पेटी फार गोड बोलली हो अण्णा!” या वाक्यात स्तुती आहे यात शंका नाही, ती वादकाची, की पेटी बनविणाऱ्या कारागिराची, एवढेच ठरावयाचे राहते. “तुम्ही होतात म्हणून निभावलं” यात कृतज्ञता आहे, पण निभावण्यापलीकडे काही घडले नाही असा पंचनामाही त्यातच दाखल आहे. आणि “काय तयारी आहे!” हे तर सर्वांत जपून घ्यावे, कारण तयारीची तारीफ करणारा मनुष्य पुष्कळदा सुराविषयी मौन पाळीत असतो.

पेटीवाल्याने विशेष सावध असावे. ज्या वाद्याचे सूर जागच्या जागी खिळलेले, ज्याला मींड नाही आणि श्रुतींना ज्यात वाव नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० साली ज्याला दार लावले आणि पुढे सुमारे तीन दशके ते उघडले नाही, त्या वाद्याच्या प्रशंसेत ‘पेटी असूनही’ हे दोन शब्द कोणी न उच्चारताही ऐकू येतात. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या, भास्करबुवा बखल्यांची साथ केलेल्या आणि १९११ साली ‘मानापमाना’ला संगीत दिलेल्या कलावंताची गोष्ट निराळी, आपणा सामान्यांच्या वाट्याला पेटी आणि तिच्यावरचा जुना आरोप ही दोन्ही एकदमच येतात.

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत एका रात्री आमच्या गिटारवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, “अण्णा, तुमच्या हातात भजनाचा गोडवा आहे.” ज्याचे बालपण भजनाच्या सतरंजीवर गेले त्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र ते कोणते? परंतु त्या रात्री आम्ही वाजविली होती ती सगळी नाचाची सिनेमागीते! अक्कलकोटमार्गे गावी परतताना एस्टीच्या खिडकीशी बसून मी त्या वाक्याची उलटतपासणी घेतली, तरी निकाल काही लागला नाही. तो लागला पुढच्या तालमीत. अभंगाचा आरंभ एकट्या पेटीवर ठेवण्यात आला, आणि दोन फडकत्या गाण्यांतले माझे पीस बिनबोभाट की-बोर्डकडे वर्ग झाले. म्हणजे स्तुतीही खरी होती आणि तक्रारही खरी होती. त्याने एकाच वाक्यात दोन्हींची नोंद केली होती, आणि त्यात लबाडी अशी काहीच नव्हती.

वादक असे का बोलतात, याचा राग धरण्यापूर्वी विचार करावा. उद्या त्याच टेम्पोत गुडघ्याला गुडघा लावून बसावयाचे असते, बिदागी एकाच पाकिटातून वाटून घ्यावयाची असते, भोवती आयोजकाची माणसे उभी असतात. अशा वेळी ‘तुमची लय पळाली’ असे तोंडावर सांगणे सत्य असले तरी शहाणपणाचे नव्हे. शिवाय वयाचा मुलाहिजा असतोच. आपल्याकडे धाकटा वादक थोरल्याला सूर उतरल्याचे सांगत नाही, फक्त स्वतःचे वाद्य पुन्हा लावू लागतो. थोरल्याने ते पाहावे.

म्हणून माझे सांगणे असे, की मंचामागच्या शब्दांपेक्षा मंचावरच्या वर्तनावर भिस्त ठेवावी. गाणे उचलताना गायक तुमच्याकडे पाहतो की दुसऱ्याकडे, तुमचा पीस आला की ढोलकी आपला आवाज उतरवते की नाही, अचानक पट्टी बदलावी लागली तर पहिली हाक कोणाला जाते, या गोष्टींत भिडेला जागा नसते. आणि विचारावयाचेच असेल तर दुसऱ्या दिवशी, एकांतात, आणि नेमक्या जागेविषयी विचारावे. “काल कसं झालं?” याला “छान” हेच उत्तर ठेवलेले असते. आमच्या ढोलकीवाल्या मामांना मी एकदा चहा पिताना विचारले, “मामा, दुसऱ्या अंतऱ्यात माझं काय होतंय?” त्यांनी बशी खाली ठेवली. “डावा हात मोठा होतोय, अण्णा. भाता आवरा. ओळ संपली की तुम्ही सूर भरून टाकता, पोरीला श्वास घ्यायला जागाच राहत नाही.” इतक्या वर्षांच्या वाहवांनी जे कळविले नव्हते ते एका प्रश्नाने मिळाले, आणि मामांनाही ते बोलून टाकल्याचा आनंदच झाला असावा, कारण चहाचे पैसे त्यांनी दिले.

दाद देणाऱ्यांनीही हीच रीत पाळावी: मोघम गौरव करू नये, जागा दाखवावी. आमच्याकडे ऑक्टोपॅडवर एक कोवळा पोरगा आला होता, त्याला मी मुद्दाम गाठून म्हटले, “तिसऱ्या कडव्याआधी तू जो थांबलास ना, त्यानं गाणं उठलं.” तो बिचारा गोंधळला. “अण्णा, पुढचं विसरलो होतो, म्हणून थांबलो.” पुढच्या सुपारीत मात्र तो त्याच जागी पुन्हा थांबला, आणि ह्या खेपेस विसरला नव्हता.