घरचें लोणी

पिंपरी-चिंचवड अगर चाकण म्हटलें, म्हणजे आज मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढें येतात. परंतु पवना, इंद्रायणी व भामा या नद्यांच्या कांठचा हा मुलूख मूळचा शेतकऱ्यांचा. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, त्या काळीं आसपासच्या खेड्यांत पहांटे रवीचा घुमघुमाट ऐकूं येत असे.

रात्रीं कोमट दुधास विरजण लावीत. सकाळीं तें दहीं मातीच्या डेऱ्यांत ओतून घुसळखांबाशीं रवी उभी करीत. तिला दोरीचे वेढे देऊन दोन्ही टोंकें आळीपाळीनें ओढलीं, कीं रवी उजवी-डावी फिरे. दुधांतील स्निग्धांश सूक्ष्म गोलकांच्या रूपानें असतो. गाईच्या दुधांत तो शेंकडा सुमारें ४, म्हशीच्या दुधांत सुमारें ७. घुसळण्यानें या गोलकांचीं पातळ आवरणें फुटतात, गोलक परस्परांस चिकटतात व लोणी वर तरंगतें. उन्हाळ्यांत लोणी मऊ पडून गोळा जमत नाहीं, म्हणून गार पाणी घालावयाचें; थंडींत कण कठीण राहून चिकटत नाहींत, म्हणून कोमट. हें शास्त्र आपल्या आज्यांनीं अनुभवानें जाणलें होतें.

लोणी निघालें, कीं देवापुढें थोडें ठेवून मुलांच्या तळहातावर लहानशी गोळी देत. लोणी कढवितांना त्यांत विड्याचें पान टाकीत. तळाची बेरी साखर घालून मुलें खात. ताक मात्र विकावयाचें नसे. ज्यांच्या दारीं जनावर नाहीं, त्यांच्या कण्यांना तेंच कोरड्यास. मागणाऱ्यास संकोच वाटे, म्हणूनच ‘ताकाला जाऊन भांडें लपवूं नये’ ही म्हण पडली. देणारीनें तो संकोच ओळखून न विचारतां भांडें भरावें, ही खरी रीत.

१९७० सालीं ‘दुधाचा महापूर’ योजना सुरू झाली. पुढें दूध डेअरीस जाऊं लागलें, घरांत रोख पैसा आला. त्यांतून कित्येकांच्या शिक्षणाचा खर्च निघाला आणि पहांटेच्या कष्टांतून बायकांची सुटका झाली. हा लाभ लहान नव्हे. मात्र घरीं घुसळण राहिली नाहीं, तेथें शेजारच्या भांड्यांत ओतावयास ताकही उरलें नाहीं.

म्हणून मुलांनो, आठवडाभराची साय सांठवून विरजा आणि एका रविवारीं रवी स्वतः हातीं घ्या. खांदे दुखतील, तेव्हां आजीच्या श्रमांची किंमत कळेल. पालकहो, लोणी घरीं ठेवा. पण ताकाचा एक तांब्या मुलांच्या हातीं शेजारीं अवश्य पाठवा.