वेषांतर आणि आत्मकथन : जिंक्स मॉन्सून यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

स्त्रीपार्टी नटाचे मोल मराठी नाट्यसमीक्षेने बहुधा भासाच्या निकषावर ठरविले आहे. बालगंधर्वांची भामिनी पाहताना नारायण श्रीपाद राजहंस यांचे विस्मरण व्हावे, ही त्यामागील अपेक्षा. अमेरिकेतील ‘ड्रॅग’ या प्रयोगप्रकाराला हा निकष अपुरा पडतो, हे जिंक्स मॉन्सून यांच्या कारकिर्दीवरून ध्यानात येते.

१९८७ साली पोर्टलंड येथे जन्मलेल्या व सिअ‍ॅटल येथे नाट्यशिक्षण घेतलेल्या मॉन्सून यांनी २०१३ मध्ये ‘रूपॉल्स ड्रॅग रेस’ या दूरचित्रवाणी-स्पर्धेचे पाचवे पर्व जिंकले. या स्पर्धेत रंगपटाचाच रंगमंच होतो. रंगभूषा करता करता स्पर्धक आपली जीवनकथा सांगतात. मॉन्सून यांनी आपल्या निद्राविकाराविषयी असेच सांगितले. २०२२ च्या विजेत्यांच्या पर्वात त्यांनी जूडी गारलंड साकारली, तेव्हा प्रेक्षकाला गारलंड आणि तिची विनोदी पुनर्रचना करणारी कलावती एकाच वेळी दिसत होती. तेही पर्व त्यांनी जिंकले. २०२३ मध्ये ब्रॉडवेवरील ‘शिकागो’ या संगीतिकेत त्यांनी मेट्रन मॉर्टनची भूमिका केली.

पुढे मॉन्सून यांनी स्वतःची ओळख ट्रान्स स्त्री अशी दिली. त्यामुळे ‘स्त्रीवेषातील पुरुष’ ही व्याख्याही येथे टिकत नाही. मात्र पडद्यावरील आत्मकथन निर्मात्यांच्या संकलनातून येते, हे विसरता कामा नये. आत्मचरित्राच्या अभ्यासकाने निवेदनातील निवड आणि मौन तपासावे, त्याच सावधपणे ही संहिताही वाचावयास हवी.