सापळा भरतो, चिलटे संपत नाहीत

प्रश्न : सीताफळे पिकायला घातली की स्वयंपाकघरात चिलटे होतात. व्हिनेगरच्या वाटीत रोज मरतात, तरी संपत नाहीत. औषध फवारावे का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नको. फवारा आणि वाटी, दोन्ही फक्त उडणाऱ्या माश्यांना मारतात. पुढची पिढी फळातच वाढत असते. 25 अंश तापमानाला अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात आणि एक मादी शेकडो अंडी घालते. आपल्याकडे सीताफळाच्या हंगामात घरातली हवा जवळपास तेवढीच उबदार असते. त्यात पिकलेले सीताफळ उकलते, म्हणजे मादीला आयतेच दार उघडे. म्हणून डोळे उघडलेली फळे पातळ सुती कापडाखाली झाकून पिकवा, उकलू लागलेले त्याच दिवशी खा किंवा फ्रिजमध्ये ठेवा, साली-बिया रात्रभर घरात ठेवू नका. माश्या फळातून आपोआप उपजतात, असे कोणी म्हणेल. फ्रान्चेस्को रेडीने 1668 मध्ये मांसाची भांडी कापडाने झाकून तो समज खोडला होता. झाकलेल्या मांसात अळ्या झाल्या नाहीत.

‘घरात फळ नसतानाही येतात’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. तेव्हा कांदा-बटाट्याच्या टोपलीचा तळ, ओले पोछे आणि सिंकच्या जाळीखालचा गाळ तपासा. न्हाणीच्या भिंतीवर बसणारी केसाळ पंखांची माशी वेगळी. ती मोरीतल्या बुळबुळीत थरात वाढते, तिथे ब्रशनेच घासावे लागते. वाटी दोन आठवडे राहू द्या, उरलेल्या माश्यांपुरती.