लसीविषयी डॉक्टरांमध्ये मतभेद असल्यास काय समजावे?

बालकाच्या लसीकरणाची तारीख जवळ आली असता ‘अमुक डॉक्टरांचा या लसीला विरोध आहे’ असे कानावर आल्यास आईवडिलांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. मतभेद हा विज्ञानाचाच भाग आहे. मात्र प्रत्येक मताचे वजन सारखे नसते. ते कसे तोलावे, हे प्रत्यक्ष घडलेल्या दोन उदाहरणांवरून समजून घेऊ.

उदाहरण पहिले : पुराव्यावर टिकलेले वेगळे मत

तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ लसीच्या तीन मात्रा श्रीमंत देशांतील बालकांना पुरेशा ठरत होत्या. वेल्लोर येथील विषाणुशास्त्रज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासांत मात्र आपल्याकडील अनेक बालकांमध्ये तेवढ्या मात्रांनी पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होत नसल्याचे आढळले. अधिक मात्रांची गरज त्यांनी मांडली, तसेच इंजेक्शनद्वारे दिल्या जाणाऱ्या लसीचाही दीर्घकाळ आग्रह धरला. त्यांचा विरोध लसीकरणाला नव्हता. बालकांचे संरक्षण अधिक चांगले व्हावे, हा त्यांचा हेतू होता. बालकांच्या तपासणीतून मिळालेली आकडेवारी त्यांनी इतर शास्त्रज्ञांपुढे ठेवली.

तोंडावाटे दिलेल्या लसीच्या अनेक फेऱ्यांमुळेच देशातून पोलिओ गेला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. तथापि या लसीतील जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूमुळे अत्यंत क्वचित पोलिओ होऊ शकतो, हेही शास्त्रज्ञांनी लपवले नाही. दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक पोलिओ विषाणू १९९९ नंतर जगात आढळला नव्हता. त्यामुळे लसीतील त्या घटकाचा लाभ संपून केवळ धोका उरला होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये भारताने इंजेक्शनची लस कार्यक्रमात आणली आणि एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीतून तो घटक वगळला. पुरावा वाढला, तसे धोरणही बदलले.

उदाहरण दुसरे : तपासणीत न टिकलेला दावा

फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केवळ १२ बालकांविषयी लेख प्रसिद्ध केला. त्यावरून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची भीती पसरली. विविध देशांतील शास्त्रज्ञांनी हा दावा पडताळून पाहिला. डेन्मार्कमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६,५७,४६१ बालकांची माहिती तपासली गेली. लस घेतलेल्या बालकांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण अधिक आढळले नाही. लस उत्पादकांविरुद्ध दावा लढवू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळाल्याचेही उघड झाले. २०१० मध्ये तो लेख मागे घेण्यात आला आणि ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने त्यांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले.

दरम्यान इंग्लंडमध्ये लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांपर्यंत घसरले आणि गोवराचे उद्रेक पुन्हा होऊ लागले. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना संसर्ग देऊ शकतो. म्हणूनच सुमारे ९५ टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळणे आवश्यक असते. अफवेची किंमत अखेरीस बालकांनीच मोजली.

वैज्ञानिक सहमती म्हणजे काय?

सहमती म्हणजे हात वर करून घेतलेले बहुमत नव्हे. वेगवेगळ्या देशांतील, परस्परांवर अवलंबून नसलेले अनेक अभ्यास एकाच निष्कर्षाकडे येतात, तेव्हा सहमती निर्माण होते. भारतात लसीकरणविषयक राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गट असा पुरावा तपासून शासनास शिफारस करतो. लसीकरणानंतर घडलेल्या गंभीर घटनांची नोंद व कारणमीमांसा करण्यासाठी जिल्हा, राज्य व राष्ट्रीय स्तरांवर समित्या आहेत. लसीनंतर घडलेली प्रत्येक गोष्ट लसीमुळेच घडली असे नसते. तपासणी होते ती यासाठीच.

विरोधी मत ऐकल्यावर विचारावयाचे प्रश्न

१. सांगणारी व्यक्ती या विषयाची तज्ज्ञ आहे काय?
२. दावा किती बालकांच्या अभ्यासावर आधारलेला आहे?
३. इतर शास्त्रज्ञांना तोच निष्कर्ष मिळाला काय?
४. लसीच्या धोक्याबरोबर रोगाचा धोकाही सांगितला आहे काय?
५. दावा करणाऱ्याचा त्यात आर्थिक लाभ आहे काय?

पालकांनी काय करावे?

• शंका असल्यास आशा कार्यकर्ती, परिचारिका किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना निःसंकोच विचारा.
• आधीच्या मात्रेनंतर तीव्र ॲलर्जी झाली असल्यास किंवा बालकास गंभीर आजार असल्यास लस देण्यापूर्वी अवश्य सांगा. किरकोळ सर्दी-खोकल्यामुळे लस टाळू नका.
• गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या वयात व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात द्या.
• लसीनंतर अर्धा तास केंद्रावर थांबा. नंतर तीव्र त्रास झाल्यास तत्काळ जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि लसीकरण कार्ड सोबत न्या.

शंका जरूर विचारा. परंतु उत्तर मिळेपर्यंत केवळ ऐकीव माहितीवर बालकाची मात्रा चुकू देऊ नका. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमातील लसी शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात.