रंगमिश्रणाचा पाठ : ठिपक्यांचे चित्र

इयत्ता दुसरी-तिसरीतील मुले हाती रंग येताच ते सर्व एकत्र कालवतात. कागदावर मातकट डाग उमटतो व मूल हिरमुसते. अशा वेळी शिक्षक फळ्यावर लिहून देतो : 'पिवळा व निळा मिळून हिरवा.' मूल ते पाठ करते. परंतु हिरवा रंग आपल्या हातून घडताना पाहण्याचा आनंद त्यास लाभत नाही. तो लाभावा, हाच या पाठाचा हेतू होय.

साहित्य : लाल, पिवळा व निळा हे तीनच पाण्याचे रंग, नारळाच्या करवंट्या, टोकास कापूस गुंडाळलेल्या काड्या व पाठकोरे कागद. घटक ठाऊक नसलेले रंग मुलांना देऊ नयेत.

पहिली तासिका : करवंटीत प्रथम पिवळा रंग घ्यावा व त्यात निळा थेंबाथेंबाने घालावा. गडद रंग फिक्या रंगास लवकर झाकून टाकतो. म्हणून क्रम उलटा करू नये. प्रत्येक थेंबानंतर कागदावर एक पट्टा ओढवून घ्यावा. पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंतच्या छटांना मुलांनीच पानाफळांची नावे द्यावीत. उत्तर शिक्षकाने आधी सांगू नये.

दुसरी तासिका : संत्र्याची बाह्यरेषा काढून तीत लाल व पिवळे ठिपके शेजारी शेजारी, पण एकमेकांस न चिकटता द्यावेत. चित्र भिंतीवर लावून मुलांना दहा-पंधरा पावले मागे न्यावे. जवळून वेगळे दिसणारे ठिपके दुरून नारिंगी भासतात. कारण इतके बारीक ठिपके डोळ्यास दुरून निरनिराळे ओळखता येत नाहीत.

येथे जॉर्ज सरा (१८५९–१८९१) या फ्रेंच चित्रकाराची माहिती सांगावी. पॅरिसजवळील ला ग्रांद जात बेटावरील रविवारचे त्याचे चित्र सुमारे दोन मीटर उंच व तीन मीटर रुंद असून, बारीक ठिपके व फटकारे देऊन त्याने ते १८८४ ते १८८६ या काळात पुरे केले. आज ते शिकागो येथील संग्रहालयात आहे. पैठणीतील धूपछाव हे आपल्याकडील जवळचे उदाहरण होय. तीत ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असतो.

शेवटी निळे व पिवळे ठिपके देऊन पाहावेत. ते दुरून बहुधा करडसर दिसतात; करवंटीतला हिरवा तेथे येत नाही. 'असे का?' हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्यावा. रंग एकमेकांत मिसळणे निराळे व ते डोळ्यांत मिसळणे निराळे, हा भेद त्यातून उमगतो.

मूल्यमापन करताना चित्राच्या नीटसपणास गुण देऊ नयेत. 'हा रंग तू कसा केलास?' या प्रश्नाचे उत्तर जे मूल कृती करून दाखवू शकते, त्यास पाठ समजला असे मानावे. मातकट डागही टाकून देऊ नये. त्यात कोणते रंग पडले, हे त्या मुलाकडूनच शोधून घ्यावे.