बीज सोडलं, पण मासा अंडी घालणार कुठं?



पाऊस तोंडावर आला की आपल्या संस्थेत एकच विचारणा सुरू होते, यंदा बीज कधी सोडणार? तलावात बीज सोडावंच लागतं, त्यावर आपलं पोट आहे. पण घटप्रभा, हिरण्यकेशीसारख्या नद्यांत गावठी मासा परत यायचा असेल, तर आधी त्याची अंडी घालायची जागा बघावी लागते.

रोहू, कटला हे मूळचे गंगेकडचे. त्यांची अंडी पाण्याबरोबर वाहत जातात आणि एका दिवसाच्या आत फुटतात. महाशीरचं तसं नाही. त्याची अंडी जड असतात. वाहत्या, स्वच्छ पाण्यात ती गोट्यांच्या फटीत जाऊन बसतात आणि फुटायला तीन-चार दिवस घेतात. त्यानंतरही पिलं बरेच दिवस गोट्यांखालीच दडून राहतात. तेवढ्यात वरून गाळ बसला की सगळं गुदमरलं. म्हणून जिथं वाळू-गोटे उपसून नेले, तिथं डबेच्या डबे बोटुकली ओतली तरी पुढची पिढी तयार होत नाही.

मरळीची तऱ्हा आणखी वेगळी. ती काठाच्या गवतात, संथ पाण्यात अंडी घालते. पिलांचा लालसर घोळका पाण्यावर दिसतो, त्याच्या खाली नर-मादी राखण करत असतात. ती जोडी गळाला लागली की घोळका इतर माशांच्या तोंडी गेलाच म्हणून समजा.

आता बंधाऱ्यांचं. पहिल्या लाल पाण्याला मासा वर चढतो. बंधाऱ्याचे बरगे वेळेत काढले नसतील तर तो खालीच अडतो. आणि तिथं आपलीच माणसं जाळी घेऊन उभी असतात! पोटात गाभोळी भरलेली मादी त्या दिवशी धरली तर बाजारात दर बरा मिळतो, हे आम्हालाही माहीत आहे. पण ती एक मादी म्हणजे हजारो अंडी.

कावेरीची गोष्टही ध्यानात ठेवा. आपल्या कृष्णा खोऱ्यातला निळ्या परांचा महाशीर लोणावळ्याच्या केंद्रात वाढवला गेला. 1970 च्या दशकापासून त्याचं बीज कावेरीत सोडलं. तो तिथं फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडाचा महाशीर मागं पडला. धरणं, सुरुंग ही कारणं होतीच, पण बाहेरच्या माशाचाही त्यात वाटा मानला जातो. 2018 मध्ये कुबडाच्या महाशीरची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. तेव्हा कुणी स्वस्तात देतो म्हणून मिळेल ते बीज नदीत टाकू नका. तिलापिया आणि थाई मागूर तर अजिबात नको.

आपापल्या गावाजवळ गोट्यांच्या उथळ जागा कुठं शिल्लक आहेत, मासा कोणत्या बंधाऱ्याला अडतो, हे या आठवड्यात संस्थेत येऊन सांगा. बरगे लवकर काढण्यासाठी पाटबंधारे खात्याला पत्र द्यायचं आहे, त्याला ती यादी जोडू.